पोस्टफिक्सचा मेल नेमका कुठे अडतो, हे लॉगवरून कसे ओळखावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या कार्यालयात डेबियन १२ या लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डवकॉट (आलेले मेल वापरणाऱ्याला वाचायला देणारा प्रोग्रॅम) बसवलेले आहेत. कार्यालयातल्या कार्यालयात मेल व्यवस्थित जातात. जीमेलवर पाठवलेले मेल कधी स्पॅममध्ये पडतात, कधी तासाभराने पोहोचतात, तर कधी परत येतात. गेल्या आठवड्यापासून बाहेरून येणारे मेलही नाकारले जात आहेत. या काळात तुम्ही तीन वेळा सगळे पुसून नव्याने बसवले, तिसऱ्या वेळी डीएनएससाठी, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेसाठी, ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता घातला, तरीही फरक पडला नाही.

पुन्हा बसवण्याचे आता थांबवावे, ही माझी पहिली विनंती आहे. प्रत्येक वेळी जुने लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या नोंदी, गेले आणि त्यांच्याबरोबर दोषाचा पुरावाही गेला. तुम्ही सांगितलेली लक्षणे एका दोषाची नाहीत. माझ्या अंदाजाने इथे निदान तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेले आहेत आणि त्यातला एक या पुनर्स्थापनेनेच निर्माण झालेला आहे. ते एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी एकच मेल धरून त्याचा शेवटपर्यंत माग काढावा लागतो. ती रीत खाली सविस्तर देतो. आज्ञा आणि पॅरामीटरची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

त्याआधी एक तातडीचे काम. बाहेरून येणारा मेल तुमचा सर्व्हर ५ ने सुरू होणारा संकेतांक देऊन नाकारत आहे, म्हणजे पाठवणाऱ्याला 'हा मेल कधीच घेणार नाही' असे सांगत आहे. असा मेल त्याच क्षणी परत जातो आणि तो पुन्हा येत नाही. दुरुस्ती होईपर्यंत 'पोस्टकॉन्फ -ई सॉफ्ट_बाउन्स=येस' ही आज्ञा देऊन 'पोस्टफिक्स रीलोड' करावे. यामुळे तुमचा सर्व्हर ५ च्या जागी ४ ने सुरू होणारा, म्हणजे तात्पुरत्या नकाराचा संकेतांक देऊ लागतो आणि समोरचा सर्व्हर तो मेल स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो. एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेल-देवाणघेवाणीच्या, प्रमाणभूत नियमांनुसार पाठवणाऱ्याने साधारण चार ते पाच दिवस प्रयत्न करणे अपेक्षित आहे, त्यामुळे तुम्हाला तेवढी सवड मिळते.

आता लॉगकडे येऊ. डेबियन १२ पासून आरसिसलॉग हे लॉग फाइलींत लिहिणारे पॅकेज मूळ स्थापनेत येत नाही, म्हणून व्हार/लॉग या फोल्डरमध्ये मेल.लॉग नावाची फाइल तुम्हाला सापडली नसेल. जुनी मार्गदर्शने वाचून काम करणारे अनेकजण इथेच अडतात आणि पोस्टफिक्स लॉगच लिहीत नाही असे समजतात. लॉग असतो, पण तो सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) जर्नलमध्ये असतो. 'जर्नलसीटीएल -यू पोस्टफिक्स@-.सर्व्हिस -एफ' ही आज्ञा एका टर्मिनलवर चालू ठेवावी आणि दुसरीकडून एक चाचणी मेल पाठवावा.

पोस्टफिक्स प्रत्येक मेलला एक रांग-क्रमांक देतो, उदाहरणार्थ ४डी७एफ२ए०३सी१. हा क्रमांक म्हणजे टपाल कार्यालयाच्या रजिस्टरमधल्या नोंदीसारखा आहे. मेल आत आला की 'एसएमटीपीडी' किंवा 'पिकअप' ही प्रक्रिया त्याची नोंद करते, 'क्लीनअप' त्याचा मेसेज-आयडी लिहून ठेवते, 'क्यूएमजीआर' त्याला चालू रांगेत घेते, 'एसएमटीपी' तो बाहेर पोहोचवते आणि शेवटी 'रिमूव्ह्ड' असा शेरा पडतो. क्रमांक धरून शोध घेतला की या ओळी सलग दिसतात. कोणत्या ओळीनंतर साखळी तुटली, हे कळले की निम्मे निदान झालेले असते. या रचनेचे श्रेय वित्से व्हेनेमा यांना आहे. आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना त्यांनी पोस्टफिक्स लिहिला आणि तो १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. एकच मोठा प्रोग्रॅम न लिहिता त्यांनी कामाचे लहान लहान स्वतंत्र प्रक्रियांत विभाजन केले. त्याचा हेतू सुरक्षिततेचा होता, पण दोष शोधणाऱ्यालाही त्याचा मोठा उपयोग होतो.

तुम्ही पाठवलेल्या लॉगमधली एक ओळ इथे जवळून पाहू. तिच्यात 'डिले=६२' असे आहे आणि पुढे 'डिलेज=०.१/०.०२/६१/०.९, डीएसएन=२.०.०, स्टेटस=सेंट' असे आहे. मेल पोहोचला म्हणून तुम्ही ही ओळ सोडून दिलीत, पण तिच्यात एक दोष स्पष्ट लिहिलेला आहे. तिरप्या रेघांनी वेगळे केलेले हे चार आकडे सेकंदांत असतात. पहिला आकडा मेल रांगेच्या व्यवस्थापकापर्यंत येण्यास लागलेला वेळ दाखवतो. दुसरा त्या व्यवस्थापकाकडे गेलेला वेळ, तिसरा समोरच्या सर्व्हरशी जोडणी करण्याचा वेळ आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा. जोडणीच्या वेळात डीएनएसची विचारणा, दोन सर्व्हरांचे नमस्कार-चमत्कार आणि टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करणे, हे सगळे धरलेले असते. तुमच्याकडे मजकूर पाठवायला एक सेकंदही लागला नाही, पण जोडणी व्हायला एकसष्ट सेकंद गेले. पोस्टफिक्स एका पत्त्यावर जोडणीसाठी मुळात ३० सेकंद थांबतो, म्हणजे दोन पत्ते निष्फळ ठरून तिसऱ्यावर काम झाले, असा हिशेब जुळतो. त्या ओळीच्या आधी 'कनेक्ट टू' असे सुरू होणाऱ्या आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे संपणाऱ्या दोन ओळी आहेत आणि दोन्हींत आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या लांब पद्धतीचे आयपी पत्ते आहेत (जुनी पद्धत आयपीव्ही४). याचा अर्थ, तुमच्या यंत्राला आयपीव्ही६ चा पत्ता मिळालेला आहे, पण त्या मार्गाने बाहेर पडता येत नाही.

ज्या दिवशी हाच आयपीव्ही६ मार्ग चालू असतो, त्या दिवशी तुमचे मेल परत येतात, हा माझा तर्क आहे, आणि परत आलेल्या मेलमधला ५५० ५.७.१ हा संकेतांक त्याला दुजोरा देतो. आयपीव्ही६ वरून येणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्याला उलट नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी), म्हणजे पीटीआर, नसेल तर जीमेल तो मेल घेत नाही. तुमच्या आयपीव्ही४ पत्त्याला पीटीआर असेलही, पण सेवा पुरवठादाराने आपोआप दिलेल्या आयपीव्ही६ पत्त्याला ती बहुधा नाही. यावर सरळ उपाय असा, की 'आयनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' असे लिहावे आणि पोस्टफिक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण हा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही. पुढे आयपीव्ही६ ची पीटीआर मिळाली की हे बंधन काढता येईल.

तासाभराचा उशीर हा मात्र वेगळा विषय आहे. समोरच्याने ४ ने सुरू होणारा संकेतांक दिला की मेल 'डिफर्ड' रांगेत जातो आणि पोस्टफिक्स पुढच्या प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेतो. हे अंतर कमीत कमी ३०० सेकंद आणि जास्तीत जास्त ४००० सेकंद, म्हणजे सदुसष्ट मिनिटांच्या आसपास असते. म्हणून 'एक तास उशीर' ही तक्रार ऐकली की समोरच्याने काही वेळा तात्पुरता नकार दिलेला असणार, हे ओळखावे. नकाराचे कारण 'पोस्टक्यू -पी' या आज्ञेत प्रत्येक मेलखाली कंसात छापलेले असते. ते वाक्य शेवटपर्यंत वाचावे. अनेकजण केवळ ४२१ किंवा ४५० हा आकडा पाहून आंतरजालावर शोधू लागतात, पण खरे कारण त्यापुढच्या मजकुरात असते. तुमच्या बाबतीत तिथे ४२१ ४.७.२८ आहे, ज्याचा अर्थ तुमच्या पत्त्यावरून अनाहूत मेल नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात येत आहेत, म्हणून वेग मर्यादित केला आहे. अशा वेळी 'पोस्टक्यू -एफ' देऊन सगळी रांग पुन्हापुन्हा ढकलू नये. त्याने तोच आक्षेप अधिक पक्का होतो. पाच दिवसांत मेल गेला नाही तर पोस्टफिक्स तो स्वतःहून पाठवणाऱ्याकडे परत करतो, तोवर त्याला त्याच्या गतीने काम करू द्यावे.

ओघात आणखी एका फसव्या लक्षणाविषयी सांगतो, कारण राउटर बदलला की तुम्हालाही त्याला सामोरे जावे लागेल. डेबियन १२ वर पोस्टफिक्सच्या बऱ्याच प्रक्रिया क्रूटमध्ये, म्हणजे एका बंदिस्त फोल्डरमध्ये चालतात आणि डीएनएससाठी त्या मूळ रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचा पत्ता असलेली फाइल) न वाचता व्हार/स्पूल/पोस्टफिक्सखालच्या इटीसी फोल्डरमधली तिची प्रत वाचतात. मूळ फाइल बदलली आणि प्रत जुनीच राहिली, तर टर्मिनलवर 'डिग' ही डीएनएस तपासण्याची आज्ञा उत्तम उत्तर देते, पण पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड' असे येत राहते. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला की प्रत ताजी होते. मी स्वतः पहिल्यांदा हा दोष पाहिला तेव्हा पूर्ण दुपार फायरवॉल तपासण्यात घालवली होती. दोन फाइलींची तुलना करायला एक मिनिट पुरले असते.

आणि सर्वच ठिकाणचे पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) 'टाइम्ड आउट' होत असेल, तर पोस्टफिक्समध्ये शोधूच नये. ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्हींच्या क्लाउडमध्ये बाहेर जाणारे पोर्ट २५ सहसा बंद असते, आणि घरगुती ब्रॉडबँडवरही अनेकदा तीच स्थिती असते. तिथे रिले सेवेमार्फत (आपले मेल पुढे पोहोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत) ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून पाठवणे हाच मार्ग उरतो.

आता स्पॅमकडे वळू. आयपीव्ही४ पत्त्याची पीटीआर नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलवर होत नाही, ती पत्ता देणाऱ्या सेवा पुरवठादाराच्या हाती असते. स्थिर आयपी असलेल्या जोडणीसाठी त्यांच्याकडे लेखी मागणी करावी लागते आणि मागणीत पत्ता व पूर्ण नाव दोन्ही स्पष्ट लिहावे लागतात. पीटीआरमध्ये जे नाव येईल तेच नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे उलगडले पाहिजे आणि 'मायहोस्टनेम' मध्येही तेच असावे. हे तिन्ही जुळले नाहीत, तर पुढची सगळी सजावट कमी पडते.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांची नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांची कामे निराळी आहेत. कोणत्या पत्त्यांवरून या डोमेनचे मेल येऊ शकतात हे एसपीएफ सांगते. मजकुरावर केलेली स्वाक्षरी डीकेआयएम तपासून देते. आणि या दोहोंपैकी एक तरी 'फ्रॉम' मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळते का, न जुळल्यास काय करावे, हे डीमार्क ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक, योग्य पीटीआर आणि टीएलएस आवश्यक केले आहे. दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही व शिवाय डीमार्कही लागते. तुमची संख्या त्याच्या जवळपासही नाही, तरीही तिन्ही करावे, असे माझे मत आहे. पतसंस्थेच्या नावाने कोणी खोटा मेल पाठवला तर सभासदाचे पैसे जाऊ शकतात, आणि ते रोखण्याचे साधन डीमार्क हेच आहे.

तुमच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी आहेत. एक तुम्ही घातलीत, दुसरी संकेतस्थळ बनवणाऱ्याने घातली असावी. दोन नोंदी असल्या की तपासणारा सर्व्हर त्यातली कोणतीच मानत नाही आणि 'पर्मएरर' म्हणजे कायमची चूक असा निकाल देतो. दोन्ही एकत्र करून एकच नोंद ठेवावी, तिच्यात संकेतस्थळाच्या सर्व्हरचा पत्ताही घालावा, कारण ठेवीच्या चौकशीचा अर्ज तिथूनच मेल करतो. एसपीएफ तपासताना होणाऱ्या डीएनएस विचारणांची मर्यादा १० आहे, हेही ध्यानात असावे.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची करावी. एवढी सार्वजनिक किल्ली डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून ती अवतरण चिन्हांत दोन तुकडे करून द्यावी लागते. काही पॅनेल ते आपोआप करतात, काही शेपूट गुपचूप कापून टाकतात. 'ओपनडीकेआयएम-टेस्टकी' ही आज्ञा तीन वेळा 'व्ही' लावून चालवली की किल्ली जुळते का हे कळते. तिथे 'की नॉट सिक्युअर' असे दिसले तर घाबरू नये. तुमच्या डोमेनला डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची स्वाक्षरी) नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ओपनडीकेआयएमची (डीकेआयएम स्वाक्षरी करणाऱ्या प्रोग्रॅमची) सॉकेट फाइल, जिच्यामार्फत पोस्टफिक्स त्याच्याशी बोलतो, ती मात्र क्रूटच्या आत ठेवावी. ती बाहेर राहिली तर पोस्टफिक्सला ती सापडत नाही आणि मूळ सेटिंगनुसार तो प्रत्येक मेलला ४५१ ४.७.१ असे तात्पुरते नाकारतो. डीमार्कची सुरुवात 'पी=नन' (मेल अडवू नका, फक्त अहवाल द्या) ने करावी, काही आठवडे अहवाल वाचावेत, आपलेच काही मेल निसटत नाहीत याची खात्री झाली की 'क्वारंटाइन' आणि मग 'रिजेक्ट' करावे.

बाहेरून येणारे मेल का नाकारले जातात, याचे उत्तर तुम्हीच चिकटवलेल्या ओळीत आहे. एका बँकेकडून आलेला मेल नाकारताना तुमच्या सर्व्हरने लिहिले आहे: '५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल', पुढे 'ब्लॉक्ड यूजिंग झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग' आणि त्यापुढे 'एरर: ओपन रिझॉल्व्हर'. त्यावरून बँकेचा सर्व्हर काळ्या यादीत आहे असे तुम्ही समजलात आणि त्यांना तसे कळवलेत. बँकेचा यात काही दोष नाही. स्पॅमहाउस ही संस्था स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी ठेवते आणि त्या यादीची विचारणा डीएनएसमार्फत होते. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता उलटा करून त्यापुढे यादीचे नाव लावले जाते आणि पत्ता यादीत असेल तर १२७.०.०.२ पासून १२७.०.०.११ पर्यंतचे एखादे उत्तर येते, नसेल तर उत्तरच येत नाही. मात्र ही विचारणा ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरे शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) झाली, तर ती कोणाकडून आली हे स्पॅमहाउसला कळत नाही आणि ते १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देतात. हे उत्तर म्हणजे 'तुमची विचारणाच चुकीच्या मार्गाने आली' असा इशारा आहे. पण पोस्टफिक्सला 'रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट' नंतर नुसते यादीचे नाव दिलेले असेल, तर कोणतेही उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे असे तो मानतो. परिणामी जगातला प्रत्येक पाठवणारा त्याच्या लेखी गुन्हेगार ठरतो. तिसऱ्या स्थापनेच्या वेळी तुम्ही ८.८.८.८ घातला आणि त्याच दिवसापासून मेल यायचे थांबले, असे तारखा सांगतात.

याला दोन दुरुस्त्या आहेत आणि दोन्ही कराव्यात. पहिली, सर्व्हरवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवून रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ घालावा आणि अनबाउंडने विचारणा दुसऱ्या कोणाकडे न पाठवता स्वतः मूळ सर्व्हरपासून उलगडावी. दुसरी, यादीच्या नावापुढे '=१२७.०.०.[२..११]' असे लिहावे, म्हणजे त्या पट्ट्यातले उत्तर आले तरच मेल नाकारला जाईल. स्पॅमहाउसची मोफत विचारणा कमी वापराच्या आणि अव्यावसायिक कामासाठी आहे. संस्थेच्या वापरासाठी त्यांच्याकडे नोंदणी करून स्वतःची किल्ली घेणे योग्य ठरेल. तुमच्या सेटिंगमध्ये सॉर्ब्स ही दुसरी यादीही आहे, ती काढून टाकावी, कारण ती सेवा २०२४ मध्येच बंद झाली. बंद पडलेल्या यादीचे नाव सेटिंगमध्ये राहणे धोक्याचे असते.

४.७.२८ चे मूळ अजून शोधायचे आहे. तुमच्या पत्त्यावरून अनाहूत मेल जात असल्याचा आक्षेप जीमेलने घेतला आहे, आणि तुम्ही तर दिवसाला शंभर-दीडशे मेल पाठवता. तेव्हा बाकीचे कोण पाठवते, हे पाहावे लागेल. दोन शक्यता तपासाव्यात. 'एसएएसएल_यूजरनेम=' हा शब्द लॉगमध्ये शोधून प्रत्येक खात्याचे मेल मोजावेत. एखाद्याच खात्यावर रात्री दोन-तीन वाजता शेकडो नोंदी दिसल्या, तर त्याचा पासवर्ड बाहेर गेला आहे. तो बदलावा, 'डव्हॲडमिन किक' ने त्याच्या चालू जोडण्या तोडाव्यात आणि रांगेतले फक्त त्याचेच मेल 'पोस्टसुपर -डी' ने काढावेत. घाईत सगळी रांग पुसू नये, तिच्यात सभासदांच्या पावत्याही असतात.

दुसरी शक्यता अधिक कपटी आहे. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मला बोलावले होते. त्यांच्या सर्व्हरच्या रांगेत चाळीस हजारांच्या वर मेल होते आणि एकाही मेलवर खात्याचे नाव नव्हते. 'मायनेटवर्क्स' मध्ये कारखान्याचे अंतर्गत जाळे, म्हणजे १९२.१६८.१.०/२४ एवढेच होते, ते बरोबरच होते. पण लॉगमध्ये प्रत्येक जोडणी १९२.१६८.१.१ वरून आल्याचे दिसत होते आणि तो पत्ता फायरवॉलचा होता. नव्या फायरवॉलवर पोर्ट २५ आत वळवताना पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता पुसून स्वतःचा पत्ता लावण्याची खूण चुकून चालूच राहिली होती. त्यामुळे बाहेरचा कोणीही पोस्टफिक्सला घरचाच वाटत होता आणि तो त्याचे मेल जगभर पोहोचवत होता. डॉकर या कंटेनर व्यवस्थेत पोस्टफिक्स चालवणाऱ्यांनाही १७२.१७.०.१ या पत्त्याच्या रूपाने हाच दोष भेटतो. तुमच्याकडे बाहेरून येणाऱ्या जोडणीत पाठवणाऱ्याचा खरा सार्वजनिक पत्ता दिसतो का, हे मोबाइलच्या जोडणीवरून एकदा पाहावेच. 'मायनेटवर्क्स' मध्ये केवळ १२७.०.०.० चा पट्टा ठेवून कार्यालयातल्या सर्वांना ५८७ वरून पासवर्डसह पाठवायला लावणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. फेलटूबॅन (पासवर्ड वारंवार चुकवणाऱ्या पत्त्यांना अडवणारे साधन) लावणार असाल, तर कार्यालयाचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता त्याच्या दुर्लक्ष-यादीत घालावा. एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड राहिला की तो दर काही मिनिटांनी चुकीचा प्रयत्न करतो आणि सगळ्या कार्यालयाचा मेल बंद पडतो.

हाताने चाचणी घेताना एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' या सांकेतिक जोडणीच्या चाचणी-साधनाने जोडणी करून तुम्ही 'मेल फ्रॉम' लिहिलेत, ते चालले, आणि मोठ्या लिपीत 'आरसीपीटी टू' लिहिताच 'रीनेगोशिएटिंग' असे येऊन जोडणी बिघडली, असे तुम्ही कळवले आहे. यात सर्व्हरचा दोष नाही. ओळीच्या सुरुवातीला मोठा 'आर' आला की हे साधन ती स्वतःसाठीची आज्ञा समजते. ते अक्षर छोट्या लिपीत लिहावे किंवा '-क्वाएट' हा पर्याय द्यावा. मी स्वतः हल्ली स्वॅक्स हे एसएमटीपी चाचणीचे साधन वापरतो, त्यात संपूर्ण संवाद एका आज्ञेत होतो आणि पडद्यावर जसाच्या तसा दिसतो.

मराठी विषयओळ काही सभासदांना चौकोन आणि प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसते, हा तुमचा शेवटचा मुद्दा. त्याचा पोस्टफिक्सशी संबंध नाही. पावत्या पाठवणारी स्क्रिप्ट विषयओळ चुकीच्या जागी तोडते. मेलच्या शीर्षभागात देवनागरी मजकूर बेस६४ मध्ये सांकेतिक करून द्यावा लागतो आणि अशा एका सांकेतिक शब्दाची लांबी ७५ अक्षरांहून अधिक चालत नाही. 'यूटीएफ-८' आणि 'बी' ही खूण व तिची चिन्हे यांत बारा अक्षरे गेली की त्रेसष्ट उरतात. बेस६४ चार-चारच्या गटांत चालते, म्हणून प्रत्यक्षात साठच वापरता येतात आणि त्यांत ४५ बाइट मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. म्हणजे एका तुकड्यात पंधरा चिन्हे येतात. 'ठेव पावती नूतनीकरण' एवढ्यातच ही मर्यादा ओलांडली जाते. स्क्रिप्ट जर बाइट मोजून एखाद्या चिन्हाच्या मध्येच तुकडा करत असेल, तर त्या जागी चौकोन दिसतात. पीएचपीमध्ये 'एमबी_एन्कोड_माइमहेडर' हे फंक्शन चिन्हांच्या सीमा सांभाळून तोडते, ते वापरावे. तसेच 'मेसेज_साइझ_लिमिट' मुळात १०२४०००० बाइट असते आणि बेस६४ मुळे जोडलेली फाइल एक-तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते, म्हणून साडेसात एमबीच्या आसपासची पीडीएफ परत का येते, याचेही उत्तर इथेच आहे.

डवकॉटबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, तुमची मांडणी नीट आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे टीएलएस सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते आणि नूतनीकरण झाले तरी डवकॉट रीलोड होईपर्यंत जुनेच दाखवत राहतो, म्हणून सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट नूतनीकरण करणाऱ्या साधनाच्या) डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञांत, रीलोडची आज्ञा घालावी. मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी २०२५ पासून पाठवणे बंद केले आहे, तेव्हा त्यावर विसंबू नये. डेबियन १३ वर जाण्याची घाई मात्र करू नका. तिथे डवकॉट २.४ येतो आणि त्याची सेटिंगची भाषा बदललेली आहे. 'मेल_लोकेशन' सारखी ओळखीची नावेही गेली आहेत, त्यामुळे सध्याची फाइल घेऊन तो सुरूच होणार नाही.

लॉग जपण्याची व्यवस्थाही आताच करावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि आरसिसलॉग बसवल्यास डेबियनची मूळ व्यवस्था केवळ चार आठवड्यांचे लॉग ठेवून बाकीचे पुसते.

आता कामाचा क्रम. आज अनबाउंड आणि यादीची दुरुस्ती करावी, पोस्टफिक्स पुन्हा सुरू करावा, मग बँकेला एक मेल पाठवायला सांगावे आणि त्याचा रांग-क्रमांक धरून 'रिमूव्ह्ड' पर्यंतच्या ओळी पाहाव्यात. त्याच वेळी आयपीव्ही४ चे बंधन घालावे आणि एसपीएफची एकच नोंद करावी. पीटीआरसाठीचा अर्ज आजच द्यावा, कारण त्याला दिवस लागतात. उद्या रात्रीच्या लॉगमधले खातेनिहाय आकडे आणि मोबाइलवरून केलेल्या जोडणीची ओळ मला पाठवावी, म्हणजे ४.७.२८ कुठून आले ते ठरवता येईल. बाहेरचे मेल सलग दोन दिवस नीट आले आणि लॉगमध्ये चुकीचा नकार दिसला नाही, की 'सॉफ्ट_बाउन्स' पुन्हा 'नो' करून रीलोड करावे. ते विसरले गेले तर चुकीच्या पत्त्यांवर आलेले मेलही समोरचे सर्व्हर पाच-पाच दिवस तुमच्या दारात आणत राहतील.